लहरींची वही: मे ते नोव्हेंबर २०२४

१५ मे २०२४, बुधवार, ह्यूस्टन

वही आज उघडली. मायामीच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राचा अटलांटिकवरचा रोजचा अंदाज दरवर्षी १५ मेपासून चालू होतो, म्हणून मुहूर्तही तोच धरला. अधिकृत हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर.

काम एवढंच: आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरून समुद्रावर येणारी प्रत्येक ट्रॉपिकल वेव्ह टिपायची आणि पुढे तिचं काय झालं ते लिहीत जायचं. यापुढे नुसतं 'लहर' लिहितो. ही पाण्यावरची लाट नव्हे, हवेतली. उन्हाळ्यात सहारा भाजून निघालेला असतो, आणि त्याच्या दक्षिणेला गिनीचं आखात त्या मानाने थंड. या दोहोंच्या मध्ये, जमिनीपासून तीन-चार किलोमीटर उंचीवर, पूर्वेकडून पश्चिमेकडे वाऱ्याचा एक झोत वाहतो. इथिओपिया-सुदानच्या डोंगराळ भागाच्या आसपास तो नागमोडी व्हायला लागतो आणि ती वळणं सरकत सरकत सेनेगल-गिनीच्या किनाऱ्यावरून बाहेर पडतात. दर तीन-चार दिवसांनी एक. दोन वळणांमध्ये दोन-अडीच हजार किलोमीटर अंतर. बहुतेक लहरी कुणाला न दुखवता कॅरिबियन ओलांडून पॅसिफिकमध्ये जातात. पण अटलांटिकमधल्या मोठ्या हरिकेनपैकी, म्हणजे पाचपैकी तिसऱ्या श्रेणीच्या आणि त्यावरच्या, सुमारे ८५ टक्क्यांचं मूळ या लहरींतच सापडतं.

माझा प्रश्न: मे-जूनमधल्या लहरींवरून ऑगस्ट-सप्टेंबर कसा जाणार ते आधी ओळखता येतं का? प्रश्नात स्वार्थ आहे. २०१७ च्या हार्वेत पाणी आमच्या पायरीला लागून थांबलं होतं. हार्वेही मुळात एक लहरच. कॅरिबियनमध्ये ते विझलं, लोकांनी सोडून दिलं, आणि मेक्सिकोच्या आखातात येऊन पुन्हा पेटलं.

साधनं: केंद्राचं दिवसातून चार वेळा निघणारं 'ट्रॉपिकल वेदर डिस्कशन', पायथॉनची एक छोटी स्क्रिप्ट, एक गूगल शीट. इथल्या सकाळी सातच्या सुमाराला येणारं पत्रक घ्यायचं. त्यात प्रत्येक लहरीचा रेखांश, दक्षिणोत्तर विस्तार आणि वेग दिलेला असतो.

१७ मे, शुक्रवार

पहिला खाडा. काल संध्याकाळी वादळी वाऱ्यांची एक भिंतच शहरावरून गेली, याला इथे डेरेचो म्हणतात. डाउनटाउनमधल्या उंच इमारतींच्या काचा रस्त्यावर, आमच्याकडे वीज गुल. हे हरिकेन नव्हे, लहरींशी याचा काही संबंध नाही. हे फोनवर टिपतोय, चार्ज ११ टक्के.

२४ मे, शुक्रवार

काल नोआचा, म्हणजे अमेरिकेच्या समुद्र-हवामान खात्याचा, हंगामी अंदाज आला: नाव मिळणारी १७ ते २५ वादळं, त्यातली ८ ते १३ हरिकेन, ४ ते ७ मोठी. मे महिन्यात त्यांनी याआधी एवढा मोठा आकडा कधीच दिला नव्हता. कोलोराडो स्टेट विद्यापीठाने एप्रिलमध्येच २३, ११ आणि ५ असं सांगून ठेवलंय. दोघांची कारणं तीच: अटलांटिकचं पाणी भलतंच गरम आहे, एल निन्यो ओसरतोय आणि ला निन्या यायची चिन्हं आहेत.

दोन्ही अंदाज वाचले. आफ्रिकेवरून किती लहरी येतील, याचा आकडा कुठल्याच हिशेबात नाही. हे जरा खटकलं. मी सकाळी सातला उठून जे मोजतोय ते या मंडळींना का लागत नाही?

२ जून, रविवार

स्क्रिप्टने आज दोन लहरी जास्तीच्या दाखवल्या. तासभर कोड चाळला, दोष कोडमध्ये नव्हता, माझ्या समजुतीत होता. पत्रकात कधी अक्ष, म्हणजे लहरीची मधली रेघ, '३४ पश्चिम' असतो, कधी '३४/३५ पश्चिम'. स्क्रिप्ट दुसऱ्या प्रकाराला दोन लहरी समजत होती. ते सावरलं, तर दुसरंच निघालं. लहरींना नंबर नसतात. काल २८ वर असलेली आणि आज ३४ वर असलेली लहर एकच, हे मी ठरवायचं. साधारण १५ नॉट वेग धरला तर दिवसाला सहा अंश सरकायला हवी. पण वेग बदलतो. शिवाय तज्ज्ञ मंडळी नवं उपग्रहचित्र बघून अक्ष मागेपुढे करतात. कधी ढग एकीकडे आणि वाऱ्याचं वळण दुसरीकडे, अशीही गत असते.

शेवटी हॉवमोलर आकृती काढायला घेतली: आडव्या अक्षावर रेखांश, उभ्यावर तारखा वरून खाली. प्रत्येक सकाळी प्रत्येक लहरीचा एक ठिपका. आठ-दहा दिवसांचे ठिपके जमले की उजवीकडून डावीकडे उतरणाऱ्या तिरक्या रेघा आपोआप दिसायला लागतात, पागोळ्या वाऱ्याने तिरप्या व्हाव्यात तशा. मग ठिपका कुठल्या रेघेतला ते डोळ्यांना कळतं, स्क्रिप्टला कळो न कळो.

९ जून, रविवार

प्रकल्पाचा पाया खचला. चौथ्याच आठवड्यात.

हरिकेन केंद्रातले लिक्सियन आविला आणि रिचर्ड पाश यांनी वर्षानुवर्षं लहरींची वार्षिक गणती लिहून ठेवली आहे. ते लेख शनिवारी वाचले. वर्षाला सरासरी साठेक लहरी येतात, वादळी वर्ष असो की थंड, आकडा फारसा हलत नाही. लहरी जास्त म्हणून हरिकेन जास्त, असं गणित बसत नाही. म्हणजे मी रोज जे मोजतोय ते जवळपास स्थिर आहे. रिक्षाचे मीटर मोजून शहरात आज किती अपघात होणार ते सांगायला निघालो होतो.

संध्याकाळी आईला फोन. ती हर्णैला. तिच्याकडे मृग लागलाय, होड्या शाकारून किनाऱ्यावर ओढल्यात. मी रडगाणं गायलं. ती म्हणाली, "अरे, आमच्याकडेही मे महिन्यात रोज ढग येतात. सगळेच कुठे पडतात?" आणि पुढे लगेच सुपारीच्या भावावर गेली. २०२० च्या ३ जूनला निसर्ग वादळाने आगरातल्या निम्म्या पोफळी झोपवल्या. नवी लावलेली अजून धरायची आहेत.

वही बंद करत नाही. स्तंभ वाढवले: लहरीच्या पुढ्यात धूळ किती, हवेत ओल किती, पाणी किती गरम, वरच्या आणि खालच्या वाऱ्यांत फरक किती. आणि एक शेरा.

२० जून, गुरुवार

आल्बर्टो. हंगामातलं पहिलं नाव काल मिळालं, आज पहाटे मेक्सिकोत टाम्पिकोजवळ जमिनीवर गेलं. इतकं पसरट की टेक्सासच्या सर्फसाइडला रस्त्यावर समुद्र आला. मध्य अमेरिकेवरच्या अवाढव्य कमी दाबातून निघालेलं, माझ्या आकृतीत त्याची रेघ नाही.

२६ जून, बुधवार

आफ्रिकेबाहेर पडलेली ताजी लहर वेगळी दिसतेय. जूनमधल्या लहरी एरवी फिकट असतात: सहाराच्या धुळीने गिळलेल्या, ढग कमी, ठिपका टाकायलाही मन होत नाही. सहारावरची ती हवा दीडेक किलोमीटरपासून पाच-सहा किलोमीटरपर्यंत कोरड्या रजईसारखी पसरते आणि ढगांना वर चढू देत नाही. ही लहर मात्र त्या धुळीच्या दक्षिणेने, दहा अंशांच्या खालून चाललीय. ढगांचा पुंजका दुपारी विरतो, तसा विरला नाही. पाणी सप्टेंबरसारखं गरम. शेऱ्यात लिहिलं: 'ही बघायची.'

२९ जून, शनिवार

काल रात्री नाव मिळालं: बेरिल.

सकाळी साडेनवाला मंडळातल्या एका मित्राकडे वीसेक जण टीव्हीसमोर. टी-२० विश्वचषकाची फायनल, बार्बाडोसच्या ब्रिजटाउनमध्ये, भारत आणि दक्षिण आफ्रिका. पोह्यांची परात मध्ये. माझ्या मांडीवर लॅपटॉप आणि त्यात त्याच बार्बाडोसकडे येणारं वादळ. टीव्हीवर ऊन, हलका वारा, नारळाची झाडं. सगळे ओव्हर मोजत होते, मी अंश. सूर्यकुमारने सीमारेषेवर तो झेल घेतला तेव्हा मीही लॅपटॉप विसरलो. सात धावांनी जिंकलो.

सामना संपून काही तासच झाले असतील, बेरिल हरिकेन झालं. बार्बाडोसपासून हजारेक किलोमीटर पूर्वेला. जूनमध्ये अटलांटिकच्या उष्ण पट्ट्यात इतक्या पूर्वेला हरिकेन झाल्याची नोंद नाही. आधीचा विक्रम १९३३ चा होता.

१ जुलै, सोमवार

रविवारी चौथी श्रेणी. जूनमध्ये चौथ्या श्रेणीचं हरिकेन अटलांटिकच्या नोंदींत आजवर नव्हतं. आज सकाळी ते ग्रेनाडाच्या कारियाकू बेटावरून गेलं. अर्ध्या तासात बेट सपाट झालं, असं पंतप्रधान डिकन मिचेल यांनी सांगितलं. ब्रिजटाउन वाचलं म्हणायचं, पण तिथल्या मासेमारी बंदरात होड्या एकमेकींवर आपटून फुटल्या. तो व्हिडिओ आईला पाठवणार होतो, मग नाही पाठवला.

आईचाच फोन आला. "अरे, रोहितची टीम अडकली म्हणे तुझ्या त्या वादळात?" 'तुझ्या' म्हणाली. विमानतळ बंद, विश्वविजेते हॉटेलात.

रात्री उशिरा पाचवी श्रेणी. याआधी सर्वांत लवकर पाचवी गाठली होती ती एमिलीने, २००५ च्या जुलैच्या मध्यावर. पंधरा दिवस आधी!

आकृतीवर बेरिलची रेघ इतरांसारखीच तिरकी आहे, त्याच वेगाची. फक्त जाड केली.

प्रकल्पापुरतं: संख्या काही सांगत नाही, पण जूनच्या शेवटी कॅरिबियनच्या पूर्व कडेच्या विंडवर्ड बेटांच्याही पूर्वेला एखाद्या लहरीने डोकं वर काढलं तर तो शकुन मानतात. एरवी त्या वेळी तिथे तिला जगूच देत नाहीत, धूळ आणि उलटसुलट वारे. जगली, याचा अर्थ ऑगस्टचं घर जूनमध्येच तयार झालंय.

४ जुलै, गुरुवार

सुट्टी. टीम सकाळी दिल्लीत पोचली, संध्याकाळी मरीन ड्राइव्हवर मिरवणूक. माणसांचा समुद्र खऱ्या समुद्राला टेकलेला. बेरिल काल जमैकाच्या दक्षिण किनाऱ्याला घासून गेलं, उद्या युकातान. अंदाजाचा शंकू, म्हणजे वादळ जिथून जाऊ शकतं तो नकाशावरचा पट्टा, मेक्सिको आणि टेक्सासच्या दक्षिण टोकाकडे. मी पाण्याचे कॅन आणले नाहीत.

७ जुलै, रविवार

शंकू सरकत सरकत उत्तरेला आला. आता माटागोर्डा. तिथून आमच्याकडे गाडीने दीड-दोन तास, आणि आम्ही डोळ्याच्या उजव्या अंगाला, म्हणजे जास्त वाईट बाजूला. दुपारी दुकानात पाण्याचा कप्पा रिकामा, फक्त लिंबाच्या स्वादाचं सोड्याचं पाणी शिल्लक. तेच आणलं. खिडक्यांना फळ्या लावायला शेजारचे आजोबा मदतीला आले. त्यांनी १९८३ चं अलिशिया आणि २००८ चं आइक दोन्ही याच घरात काढलंय. जनरेटर आहे का, त्यांनी विचारलं. नाही म्हटल्यावर ते काही बोलले नाहीत.

८ जुलै, सोमवार (कागदावर)

पहाटे चारच्या सुमाराला माटागोर्डाला जमिनीवर आलं, पहिली श्रेणी. आमच्याकडे वीज त्याच्याही आधी गेली. सकाळी सहा ते नऊ घर कण्हत होतं. मागचं कुंपण पहिल्यांदा आत झुकलं, परत सरळ झालं, आणि मग एकदम सबंध आडवं. ओकची फांदी छपरावर, पण छप्पर शाबूत.

जूनच्या चौथ्या आठवड्यात आफ्रिकेबाहेर पडलेली लहर. दोन आठवड्यांत माझ्या मागच्या दारात.

१० जुलै, बुधवार (कागदावर)

तिसरा दिवस. वीस लाखांहून जास्त ग्राहक अंधारात होते, त्यातले बरेच अजून आहेत. बाहेर ताप, आत त्याहून. फ्रीजरमधलं काल सगळं शिजवून टाकलं: सुरमई, मटार, आईने आंब्याच्या दिवसांत पाठवलेला आटवलेला रस. तो रस पाच घरांत वाटला.

वीज कुठे आली, कुठे नाही, याचा नकाशा वीज कंपनीकडे नाही. लोकांनी तोड काढली: व्हॉटाबर्गर या बर्गरवाल्यांच्या ॲपमध्ये कुठली दुकानं उघडी आहेत ते दिसतं. दुकान उघडं असेल तर त्या भागात वीज आहे! अख्खं शहर तो नकाशा बघतंय. उपग्रह, विमानं, महासंगणक सगळं असताना शेवटी खात्रीचं निरीक्षण बर्गरच्या दुकानाचं.

दापोली तालुक्यात निसर्गनंतर कित्येक आठवडे वीज नव्हती. आईने तेव्हा तक्रार केल्याचं आठवत नाही. मला तीन दिवसांत झोप उडाली.

१३ जुलै, शनिवार

काल रात्री वीज आली. लॅपटॉप उघडला. शीटमध्ये ८ ते १२ जुलै कोरी. पाच खाडे. नंतर भरतो.

२० जुलै, शनिवार

गाडीच्या काचेवर पिवळसर राखाडी थर. बोट फिरवलं तर मैद्यासारखा. सहाराची धूळ, सात-आठ हजार किलोमीटरवरून. आकाश दुधाळ, सूर्यास्त तांबूस आणि कडा नसलेला. दरवर्षी यातलीच काही धूळ ॲमेझॉनच्या जंगलात फॉस्फरस नेऊन टाकते. माझ्या लहरी मात्र या धुळीत गुदमरताहेत. ठिपके पडताहेत, ढग नाहीत. आठवडाभराच्या शेऱ्यात एकच शब्द: 'कोरडी.'

१४ ऑगस्ट, बुधवार

पटकन. डेबी: लहर, ५ ऑगस्टला फ्लोरिडाच्या बिग बेंडला पहिली श्रेणी, मग कॅरोलायनांमध्ये दिवसेंदिवस पाऊस. अर्नेस्टो: लहर, निम्म्या पोर्तो रिकोची वीज घालवून आता बर्म्युडाकडे. दोन्ही रेघा आकृतीवर स्वच्छ आहेत. कोलोराडोवाल्यांचा अंदाज २३ चा. सगळे म्हणताहेत, आता दार उघडलं.

१९ ऑगस्ट, सोमवार

नारळी पौर्णिमा. आईने हर्णै बंदरावरून व्हिडिओ केला: वाजतगाजत आणलेला नारळ, सोन्याचा कागद लावलेला, आणि भरतीचं पाणी. तिच्याकडे समुद्र शांत व्हायला लागला. इथे मात्र हंगामाचं शिखर १० सप्टेंबरच्या आसपास असतं. "तुझ्या समुद्राला पण एक नारळ घाल," म्हणाली.

३१ ऑगस्ट, शनिवार

घातल्यासारखंच झालं. अर्नेस्टोनंतर काहीच नाही.

आकृती मात्र ठिपक्यांनी भरलीय. लहरी तीन-चार दिवसांनी एक अशा नेमाने येताहेत, उलट ऑगस्टमधल्या जास्तच ठसठशीत आहेत. मग बिनसलं कुठे? दक्षिणोत्तर विस्ताराचा स्तंभ मी मे महिन्यात नुसताच भरत होतो, कामाला येईल असं वाटलं नव्हतं. आज त्याचा आलेख काढला. जूनच्या अखेरीस बेरिलची लहर दहा अंशांच्या खाली होती. ऑगस्टच्या उत्तरार्धातल्या लहरींचा गाभा कितीतरी वर सरकलाय. किनारा सोडतानाच त्या कानारीच्या थंड प्रवाहावर आणि वाळवंटाच्या हवेत शिरताहेत. मोटार चांगली, रस्ताच चुकीचा.

सेनेगलच्या डकारचं हवेतलं निरीक्षणही बघायला लागलो आहे (स्थानक ६१६४१). लहर डोक्यावरून जाते तेव्हा साधारण तीन किलोमीटरवरचा वारा ईशान्येकडचा असतो तो आग्नेयेकडचा होतो. कागदावरची रेघ तिथे दोन बाणांत बदलते. हे पहिल्यांदा स्वतः ताडून पाहिलं तेव्हा रात्रीचे बारा वाजले होते आणि सांगायला घरात कुणी जागं नव्हतं.

४ सप्टेंबर, बुधवार

कोलोराडो स्टेटने काल शांततेची कारणं मांडली. लहरी फार उत्तरेकडून बाहेर पडताहेत, हे पहिल्यातलं एक. त्याशिवाय वातावरणाचा वरचा थर नेहमीपेक्षा गरम, त्यामुळे खालून चढणाऱ्या ढगांना जोर येत नाही. आणि पूर्व अटलांटिकवर वरच्या थरात पूर्वेचे वारे फार जोराचे. हे शेवटचं वाचून थांबलो. पावसाळ्यात भारतीय द्वीपकल्पावरून चौदा-पंधरा किलोमीटर उंचीवर पूर्वेकडून एक झोत वाहतो आणि पार आफ्रिकेपर्यंत जातो. आईच्या घरावरून जाणारा वारा माझ्या लहरींच्या डोक्यावर पोचतो. यातून काही सिद्ध करत नाही, पण नकाशा भिंतीवर लावला.

ऑगस्टच्या मध्यापासून सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत एकही नवं नाव नाही, असं यापूर्वी १९६८ साली झालं होतं.

७ सप्टेंबर, शनिवार

गणपती बसले. आरतीनंतर मंडळातले एक जण: "काय हो, तुमचं वादळखातं झोपलंय वाटतं?" पंचवीस वादळांचं भाकीत फुकट गेलं, हे शास्त्रज्ञ असेच, वगैरे. मोदक तोंडात होता म्हणून बोललो नाही.

ते जे अटलांटिकवर पडलं नाही ते कुठे पडलं, हे कुणी विचारत नाही. लहरी उत्तरेकडून गेल्या म्हणजे त्यांचा पाऊसही उत्तरेला सरकला. चाड, नायजर, माली पुरात आहेत. सहाराच्या कडेला एरवी जिथे थेंब पडत नाही तिथे उपग्रहाच्या चित्रात हिरवळ दिसतेय. माझ्या शीटमध्ये या लहरींपुढे 'काही नाही' असा शेरा आहे. साहेलमधल्या, म्हणजे सहाराच्या दक्षिण कडेच्या पट्ट्यातल्या, बाजरीवाल्याला तीच लहर म्हणजे आपल्याकडचा बंगालच्या उपसागरावरचा कमी दाब: वेळेवर आला तर पीक, जास्त आला तर घर. सेनेगलात या दिवसांना फ्रेंचमध्ये 'इव्हेर्नाज' म्हणतात, शब्दाच्या मुळाशी हिवाळा, आणि असतो तो पावसाळा. 'काही नाही' हा शेरा सगळीकडून पुसला. त्या जागी 'आफ्रिकेत पाऊस' लिहिलं.

१२ सप्टेंबर, गुरुवार

गौरी-गणपतीचं विसर्जन. सोमवारी फ्रान्सीनला नाव मिळालं, काल लुइझियानात दुसऱ्या श्रेणीचं हरिकेन म्हणून उतरलं. शांतता संपली. मंगळवारी नायजेरियात मैदुगुरीजवळचं अलाऊ धरण फुटून अर्धं शहर पाण्यात गेलं, त्याची बातमी इथे चौथ्या पानावर.

३० सप्टेंबर, सोमवार

हेलीन. गुरुवारी रात्री फ्लोरिडात पेरीजवळ चौथी श्रेणी. वाटलं, किनाऱ्याचं नुकसान. पण सर्वांत जास्त माणसं मेली ती शेकडो किलोमीटर आत, नॉर्थ कॅरोलायनाच्या डोंगरांत. आधीच भिजलेली जमीन, त्यावर हा पाऊस, आणि अरुंद खोऱ्यांतल्या नद्या.

आज सकाळी जुन्या वादळांच्या मार्गांची फाइल उतरवायला गेलो तर पानच उघडेना. जगभरच्या चक्रीवादळांची ती फाइल अमेरिकेच्या पर्यावरण माहितीच्या राष्ट्रीय केंद्रात असते, आणि ते केंद्र आहे त्याच नॉर्थ कॅरोलायनातल्या ॲशव्हिलमध्ये. ॲशव्हिल सध्या पाण्यात, वीज नाही, नळाला पाणी नाही, यंत्रं थंड ठेवायलाही पाणी नाही. वादळांच्या नोंदी ठेवणारं घरच वादळाने बंद पाडलं. दोनदा पान रिफ्रेश केलं आणि मग स्वतःचीच लाज वाटली.

हेलीनचं मूळही मध्य अमेरिकेवरच्या पसरट कमी दाबात. माझ्या आकृतीवर नाही. चार महिने आफ्रिकेकडे डोळे लावून बसलो आणि हे परसातून आलं.

७ ऑक्टोबर, सोमवार

मिल्टन. काल हरिकेन झालं, आज पाचवी श्रेणी. मायामीचे टीव्हीवरचे हवामानतज्ज्ञ जॉन मोरालेस दाब किती उतरला ते सांगता सांगता रडले. टँपातले आमचे परिचित नवरात्रातले घट गाडीत घेऊन निघालेत, मुलं मागे, घट पुढच्या सीटवर पट्टा लावून. मी आज ठिपके टाकले नाहीत. हा खाडा जाणूनबुजून.

१२ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. मिल्टन बुधवारी रात्री सिएस्टा कीला उतरलं, तिसरी श्रेणी. परिचित सुखरूप, घरी पाणी नाही शिरलं. लॅपटॉपची पूजा केली, लेकीने कीबोर्डवर झेंडू ठेवला. पाकळी एंटरच्या खाली गेलीय.

३० नोव्हेंबर, शनिवार

हंगामाचा शेवटचा दिवस. १८ नावं, ११ हरिकेन, ५ मोठी. त्यातली सात हरिकेन २५ सप्टेंबरनंतरची. मोठ्या पाचांपैकी बेरिल आणि कर्क या आफ्रिकेच्या लहरी. हेलीन, मिल्टन आणि राफाएल मुख्यतः इकडच्याच पाण्यातली. ८५ टक्के हा अनेक वर्षांचा हिशेब, या एका वर्षाने तो काही मानला नाही. लहरींची माझी मोजणी सरासरीच्या जवळपास आली. अर्थातच.

पुढच्या वर्षीच्या शीटमधून 'एकूण लहरी' हा रकाना काढून टाकला. अक्षांश पहिल्या रकान्यात आणला.

दुपारी खाडे भरायला बसलो. जुनी पत्रकं केंद्राच्या संग्रहात मिळतात, त्यामुळे अडचण आली नाही. मे महिन्यातले भरले, ऑक्टोबरातला भरला, जुलै शेवटी ठेवला होता. कागदावरच्या नोंदी शोधल्या. एका पानावर आंब्याच्या रसाचा डाग आहे. ८ जुलै, सकाळी सात: बेरिलचा रेखांश ९५ आणि ९६ च्या मध्ये. आकृती मी १०० पश्चिमेपर्यंत आखली होती ती केवळ कागद उरला म्हणून. त्या टोकाला कधी ठिपका पडेल असं वाटलं नव्हतं. ठिपका टाकला, रेघ जोडली. शेऱ्यात काय लिहावं सुचेना. 'कुंपण पडलं' असं लिहिलं.